थांबाबाईंची भोगी

थांबाबाईंना चिरलेली भाजी लगेच कढईत पडलेली बघवत नसे. मग त्या कुणाच्या घरी हळदीकुंकवाला गेलेल्या असोत, नाहीतर लग्नाच्या हॉलमागे आचाऱ्यांच्या गर्दीत उभ्या असोत. कोबी चिरून झाला आणि कुणी तो ओंजळीत उचलला, की यांचा हात आडवा यायचा. "थांबा. दहा मिनिटं ताटात पडू दे त्याला." ठेचलेल्या लसणाचंही तेच. एकदा दादरच्या एका मंगल कार्यालयात आचाऱ्यानं वैतागून विचारलं होतं, "बाई, तुम्ही मुलीकडच्या की मुलाकडच्या?" त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कोबीकडची."

लालबागच्या ज्या चाळीत त्या वाढल्या, तिथे त्यांचं नाव शालिनी, परळच्या संशोधन संस्थेत डॉक्टर मॅडम. पण चाळीतल्या बायकांनी ठेवलेलं थांबाबाई हेच नाव सगळीकडे चाललं. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं. चाळीत फोन केला की त्या स्वतःच "थांबाबाई बोलतेय" म्हणायच्या.

थांबायचं कशासाठी, ते त्या चाळीच्या भाषेत सांगत. कोबीच्या पेशीत दोन पदार्थ शेजारी शेजारी असतात, पण मध्ये भिंत. सुरी फिरली की भिंत पडते, दोघं भेटतात आणि तिसराच एक तिखट पदार्थ तयार होतो. परळच्या आमच्या प्रयोगशाळेला रस होता तो या तिसऱ्यात. कोबी लगेच गरम तेलात टाकला, तर ती भेट घडवून आणणारा पदार्थ उष्णतेनं निकामी होतो आणि तिसरा पुरेसा तयारच होत नाही. "आणि हे कोबी तुमच्यासाठी करत नाही हां," त्या वर सांगायच्या. "त्याला पाय नाहीत. अळी आली तर पळणार कुठे? म्हणून चावणाऱ्याला तिखट लागावं एवढी सोय त्यानं करून ठेवलीय. आपण ती फुकट घेतो."

मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा गिरणगावात गिरण्या उरल्या नव्हत्या. भिंतीआड कुठे एखादी चिमणी उभी असायची आणि तिच्या शेजारी काचेची इमारत वर चढत असायची. मी गिरगावची, कॉन्व्हेंटात शिकलेली. मराठी घरी बोलायचे, चारचौघांत नाही. खरं तर चारचौघांत कुठलीच भाषा बोलायचे नाही. पहिल्या आठवड्यात सगळे माझ्याकडून काहीतरी वदवून घेण्याच्या मागे असताना थांबाबाई एवढंच म्हणाल्या, "राहू दे तिला. एक तरी ऐकणारं माणूस पाहिजे इथे." आणि दर शनिवारी दुपारी मला बरोबर घेऊन लालबागला जाऊ लागल्या.

प्रयोगशाळेत त्यांचा दरारा होता तो एका गोष्टीमुळे. भाज्यांचे अर्क काढून ते काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर घालायचे आणि काय होतं ते बघायचं, असं आमचं काम. एखाद्या बशीत पेशी भराभर मेल्या की आम्ही तरुण मंडळी हरखून जायचो. थांबाबाई सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणायच्या, "बशीत ना? बशीत फिनेल घातलं तरी मरतात." मग पुन्हा करायला लावायच्या. कमी मात्रेत करायला लावायच्या, निरोगी पेशींवर करायला लावायच्या. भाज्या भरपूर खाणाऱ्या लोकांत काही कर्करोग कमी दिसतात, हे त्या मान्य करत. पण लगेच पुढचं वाक्य यायचं, "ते लोक आणखी काय काय वेगळं करतात, तेही बघा." पाहुणे आले, वर्तमानपत्रवाले आले, तरी हे पुढचं वाक्य त्यांनी कधी गाळलं नाही. मला त्याचा फार अभिमान वाटायचा. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हणायला आवाज लहान करावा लागत नाही, हे मी त्यांच्याकडे बघून शिकले.

चाळीतला शनिवार अक्कांच्या खोलीसमोरच्या गॅलरीत व्हायचा. अक्का म्हणजे तिथल्या जुन्या खानावळवाल्या. एके काळी आसपासच्या गिरण्यांतले, गावी बायकामुलं असलेले कामगार त्यांच्याकडे जेवायचे. आता त्या ऑफिसचे डबे करायच्या. बायका विळ्या घेऊन गोल बसायच्या, भाजी चिरायच्या, ताटात पसरायच्या, आणि ती भाजी थांबलेली असेल तेवढाच वेळ थांबाबाई बोलायच्या. हीच त्यांची पद्धत. व्याख्यान कोबीच्या मापाचं. फोडणी तडतडली की विषय संपला, मग कितीही महत्त्वाचं वाक्य अर्धं राहिलेलं असो. टोमॅटो मात्र कच्चा ठेवू नका, तेलात शिजला की त्यातला लाल रंग अंगी लागतो. मुळ्याचा पाला फेकू नका. हळदीबरोबर मिरी असू दे. पालेभाजीचं पाणी मोरीत ओतू नका, आमटीत घाला. असं एकेका शनिवारी एकेक. बायका ऐकायच्या आणि टिंगलही करायच्या.

"थांबाबाई, माझा नवरा पण चिरल्यावर दहा मिनिटं ठेवला तर सुधारेल काय गो?"

"आधी त्याची अळी शोध," थांबाबाई म्हणायच्या.

अक्का त्यांच्याहून बऱ्याच मोठ्या, आणि त्यांना 'शाले' म्हणणाऱ्या एकट्याच. गिरण्यांच्या संपाची हकिगत मला अक्कांनीच सांगितली, तीही डबे भरता भरता. थांबाबाईंचे वडील गिरणीत साचे, म्हणजे माग, चालवायचे. संप लांबला तशा खोल्यांना कुलुपं लागली, माणसं गावी गेली. हे कुटुंब गेलं नाही, कारण मुलगी कॉलेजात होती आणि गावी कॉलेज नव्हतं. वडील पुढे शिवडीच्या एका गोदामावर रखवालदार झाले, पण त्याआधीचे दिवस कठीण गेले. अक्कांच्या खानावळीतही शेवटी नुसती पेज उरली होती. त्या पेजेतली एक वाटी रोज शालीची. "पोरगी पुस्तक मांडीवर घेऊन प्यायची," अक्का म्हणाल्या. "वाटी कुठे ठेवली तेसुदा तिला कळायचं नाय." एवढं सांगून त्यांनी डब्याचं झाकण घट्ट लावलं, आणि कंबरेची डबी काढून चिमूटभर मशेरी दातांवर फिरवली.

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईतो भाजलेल्या तंबाखूची पूड. चाळीत सकाळी नळावर तिचाच वास असे. अर्ध्याअधिक बायका लावायच्या; काही उघड, काही सुनेपासून लपवून, काही सासूपासून. थांबाबाई दर शनिवारी सांगायच्या, आधी ती डबी टाका, मग भाजीचं बोलू. बायका माना हलवायच्या आणि भाजीचं ऐकायच्या.

यातून पुढे जी चूक झाली ती दुसरीकडे कुठे झाली नसती असं मला वाटतं. पहिल्या काही शनिवारांपैकी एका शनिवारी थांबाबाईंनी भाजीला 'ढाल' म्हटलं होतं. शब्द बायकांना आवडला. आणि या चाळीत रविवारचं मटण सोमवारच्या उपासानं फिटतं, हा नियम सगळ्यांना पाठ. त्याच नियमानं त्यांनी ठरवून टाकलं, की सकाळची मशेरी दुपारच्या कोबीनं फिटते. बायका आपापसात तसं बोलायच्या. "आज दोनदा लावली गो, गाजर जास्त खा." हे हसण्यावारी चाललंय असं आम्हाला वाटत होतं. तसं ते नव्हतं. डबी टाकायच्या बेतात असलेल्या दोघीतिघींनी भाजीच्या भरवशावर ती पुन्हा कंबरेला खोचली होती.

अक्का तर थांबाबाईंच्या सगळ्यांत चोख शिष्या. डब्यांची घाई असली तरी त्यांच्याकडे कोबी थांबायचा म्हणजे थांबायचाच. पण त्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा मला काही वेगळं दिसू लागलं. मी बोलत नसे, त्यामुळे बघायला वेळ असे. अक्का भाजीतली मिरची बाजूला काढून ठेवायच्या. एका बाजूनंच चावायच्या. चहा बशीत ओतून, फुंकर मारून मारून, पार कोमट झाल्यावर प्यायच्या. परतताना मी हे थांबाबाईंना सांगितलं. त्या चालता चालता थांबल्या. "तुलाही दिसलं म्हणजे," त्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी बायका जमायच्या आधी त्या अक्कांच्या खोलीत गेल्या. मी दाराशी होते.

"अक्का, उजेडात ये. तोंड बघू दे."

"माका काय एक झालेला नाय."

"मग दाखवायला काय हरकत आहे?"

अक्कांनी तोंड उघडलं ते जेमतेम, पण गालाच्या आतल्या बाजूला पांढरा चट्टा मला दारातूनही दिसला. मध्ये लालसर. थांबाबाईंनी हलक्या आवाजात सांगितलं, की हे हॉस्पिटलात दाखवायला हवं, कदाचित छोटा तुकडा काढून तपासतील, आणि हे आत्ताच करायला हवं.

अक्कांनी पदरानं तोंड पुसलं. "काय गो शाले, कोबी खातंय, गाजर खातंय, मुळ्याचो पालो खातंय. तू सांगितलास ता सगळा करतंय मां मी? मग माका कशाक होतला? का तू खोटा सांगितलास?"

थांबाबाईंनी पुन्हा दोनदा प्रयत्न केला. एकदा आर्जवानं, एकदा रागावून. दोन्ही वेळा अक्कांनी त्यांच्याच पुढे गाजराची कोशिंबीर ठेवली. एका संध्याकाळी प्रयोगशाळा आवरताना त्या मला म्हणाल्या, "मी तिला सांगितलेलंच ती मला परत सांगते. परक्या माणसानं तिच्या डोक्यात भरवलं असतं तर मी भांडले असते." मग हात धुता धुता, माझ्याकडे न बघता, म्हणाल्या, "डॉक्टरकडे जायच्या वाटेत मीच उभी आहे."

भोगी आली. संक्रांतीच्या आदल्या दिवसाची ती मिसळीची भाजी चाळीत सगळ्यांची मिळून होई. प्रत्येक घरातून एकेक भाजी यायची. घेवडा, वांगी, गाजर, ओले हरभरे, पावटे. अक्कांच्या खानावळीच्या जुन्या टोपात ती शिजायची, तिळाचं कूट लावून. थांबाबाईंचं त्या दिवशीचं बोलणं सगळ्यांत मोठं असायचं, कारण चिरायलाच खूप असे. गॅलरी भरली होती. बाजरीच्या भाकऱ्या थापण्याचा आवाज आतून येत होता. ताटं भरली, विळ्या बाजूला ठेवल्या गेल्या. एक बाई म्हणाली, "हं, बोला थांबाबाई. आज ढालीत काय काय आहे?"

थांबाबाई उभ्या राहिल्या. एरवी त्या बसूनच बोलत.

"ढाल म्हणाले ते माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "तो शब्द मी आज परत घेते. ढाल हातात आली की माणूस वार अंगावर घ्यायला जातो. तुम्ही तेच करताय, आणि ते मी शिकवलं. भाजी ढाल नाही. फार तर घराची चांगली भिंत. भिंत कितीही चांगली असली, तरी आत बसून रोज सकाळी आग लावली तर भिंत काय करणार?"

कुणी हसलं नाही. अक्का टोपाजवळ बसल्या होत्या, त्यांनी वर पाहिलं नाही.

"भाजी मी इतकी वर्षं खाते. तुमच्यापेक्षा जास्तच खात असेन," थांबाबाई पुढे म्हणाल्या. "तरी दर वर्षी हॉस्पिटलात जाऊन तोंड दाखवून येते. का, ते कुणाला सांगितलं नव्हतं. संपाच्या दिवसांत मी मशेरी लावायचे. कॉलेजात जाणारी मुलगी, विज्ञान शिकणारी. पेज पिऊन अभ्यासाला बसले की तासाभरात पुन्हा भूक लागायची. मशेरी लावली की भूक मरायची. परीक्षा तशीच दिली. पुढे सोडली, पण लावली होती हे खरं. आणि तोंडाला ते माहीत आहे. त्याला माझी पदवी दाखवून चालत नाही."

मग त्या उन्हाकडे वळल्या, पदर खोचला आणि मला म्हणाल्या, "ये. बघ." त्यांनी तोंड उघडलं, दोन्ही गाल बोटांनी ओढून दाखवले, जीभ वर केली. परळच्या त्या संस्थेत ज्यांच्यासमोर मोठे मोठे लोक उभे राहून बोलत, त्या बाई आपल्या चाळीच्या गॅलरीत लहान मुलासारखा आ करून उभ्या होत्या, आणि बायका एकेक करून पुढे येऊन वाकून बघत होत्या. मी सगळ्यांत जवळ होते. मला लाज वाटेल असं मला वाटलं होतं. मला नुसता अभिमान वाटला, इतका की डोळे दुसरीकडे न्यावे लागले.

"कुणी दिली होती गो तुका मशेरी?" मागून कुणीतरी विचारलं.

थांबाबाईंनी पदरानं बोटं पुसली. "ते आता कशाला?"

"मी दिली होती," अक्का म्हणाल्या.

त्या टोपाजवळून उठल्या नव्हत्या. हातात डाव तसाच. "पेज पुरायची नाय," त्या म्हणाल्या, सगळ्यांना नाही, हातातल्या डावालाच सांगितल्यासारखं. "पोर उपाशी अभ्यास करताना बघवायची नाय. माझ्याकडे दुसरा काय होता द्यायला?"

"काही नव्हतं," थांबाबाई म्हणाल्या. "होतं ते दिलंस, म्हणून तर मी शिकले, अक्का. मी तुझ्यावर रागावले नाहीये. तू ये माझ्याबरोबर, एवढंच."

अक्कांनी डाव टोपावर आडवा ठेवला. "सण होऊ दे."

"उद्या सण आहे. परवा सकाळी मी येते."

"थांबाबाई आज थांबूक देनत नाय," एक बाई म्हणाली, आणि मग मात्र सगळ्या हसल्या. अक्काही, तोंडावर हात ठेवून. त्या दिवशी फोडणी कुणी घातली ते मला आठवत नाही. भाजी नेहमीसारखीच झाली होती.

संक्रांत झाल्यावर आम्ही तिघी हॉस्पिटलात गेलो. रांगेत देशभरातली माणसं होती, गाठोडी घेतलेली, फाइली छातीशी धरलेली. अक्का सगळ्यांकडे बघत होत्या आणि थांबाबाईंचा हात सोडत नव्हत्या. तपासणीचा निकाल आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, की हा अजून कर्करोग नाही, पण वाट तिकडचीच आहे. आणखी काही काळ गेला असता तर बोलणं वेगळं असतं. चट्टा काढला. काही दिवस अक्कांना चावता येत नव्हतं. थांबाबाई संस्थेत यायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन भाज्यांचं पातळ सार करून ठेवायच्या. अक्का त्यात मीठ कमी असल्याची तक्रार करायच्या. मशेरी सोडणं चट्ट्यापेक्षा अवघड गेलं. सकाळी डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, डबेवाल्यावर ओरडायच्या. "तुझ्या त्या मेल्या बशीत घाल माका," असं एकदा थांबाबाईंना म्हणाल्या. पण सोडली.

शनिवार पुढेही चालू राहिले. कोबी थांबायचा, थांबाबाई बोलायच्या. फक्त आता भाजीचं बोलणं सुरू व्हायच्या आधी बायका उन्हाकडे तोंड करून एकमेकींचे गाल बघायच्या. चट्टा दिसला, दुखरी जागा दिसली, की हॉस्पिटल. बघणाऱ्यांत मीही असे. बोलावं लागायचंच, आणि बोलता येऊ लागलं.

काही वर्षांनी, गावी राहायला गेलेली आई थकली म्हणून थांबाबाईंनी मुदतीआधी नोकरी सोडली. गावाजवळच्या कॉलेजात शिकवायला जाणार होत्या. आता तिथे कॉलेज होतं. संस्थेत निरोपसमारंभ झाला. शाल झाली, पुष्पगुच्छ झाला. कोबीवर्गीय भाज्यांतल्या संयुगांवर मॅडमनी किती मोलाचं काम केलं, यावर भाषणं झाली, त्यांत बहुतेक इंग्रजीत. एकानं तर त्यांच्या कामामुळे कर्करोगाला आळा बसेल असं सांगितलं, तेव्हा व्यासपीठावर बसल्या बसल्या थांबाबाईंची मान नकारार्थी हललेली मी पाहिली. मागच्या रांगेत अक्का होत्या, नवं लुगडं नेसून. सगळ्यांचं बोलून झाल्यावर संचालकांनी सौजन्य म्हणून विचारलं, "मॅडमच्या घरच्यांपैकी कुणाला काही सांगायचं आहे?"

अक्का उठल्या. ध्वनिक्षेपकाकडे गेल्या नाहीत, जागेवरूनच बोलल्या.

"मी घरची नाय, चाळीतली. हिनं काय शोधलान ता माका कळत नाय. पण आमच्या नळावर आता सकाळी बायका नुसत्या पाण्यानं चूळ भरतात."

"सगळ्या नाही, अक्का," व्यासपीठावरून थांबाबाई म्हणाल्या.

"सगळ्या नाय," अक्कांनी मान्य केलं. "पण तू जा खुशाल. उरल्यासुरल्यांचा मी बघतंय."